आयनाला वाटेत कोण भेटलं

मास स्पेक्ट्रोमीटरवर नवीन आलेल्या माणसाला सगळ्यात आधी व्हॅक्यूमबद्दल सांगतात. रेणूला विद्युतभार द्यायचा, म्हणजे त्याचा आयन करायचा, आणि त्याला शोधकापर्यंत सुखरूप पोचवायचं. वाटेत तो कशावरही आदळता कामा नये. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी सत्तर नॅनोमीटर जेमतेम जातो. दाब टॉरच्या एक लक्षांशावर उतरवला की हेच अंतर काही मीटर होतं, आणि यंत्राच्या आतली वाट असते हातभर. म्हणून रोटरी पंपाचं तेल वेळेवर बदला, फेरुल नीट आवळा, मास २८ आणि ३२ चे पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, चारास एक अशा प्रमाणात दिसले की हवा कुठून शिरतेय ते शोधा. मी हे सगळं शिकले आणि पुढे बरीच वर्षं नव्या मुलामुलींना शिकवलंही. त्यात चूक काही नाही. पण या कामात मला खरोखर जे काही उमगलं ते त्या आदळण्यातूनच उमगलं, आणि लिहायचं आहे ते त्याविषयीच.

पुण्यात रसायनशास्त्राची एम.एस्सी. झाल्यावर कीडनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी लागले. नमुने यायचे द्राक्षाचे, भेंडीचे, मिरचीचे. नमुना मिक्सरमधून काढायचा, इथाइल अॅसिटेटमध्ये हलवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, वरचा थर गाळून यंत्राला द्यायचा. आमचं मुख्य यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. त्यात आयन करायची रीत सरळ होती: तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन सत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेने रेणूवर सोडायचे. रेणूतले बंध साधारण तीन ते पाच इलेक्ट्रॉनव्होल्टचे. त्यांना हा मार झेपत नाही. रेणूचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या नक्षीवरून मूळ रेणू ओळखायचा. संगणकात हजारो नक्ष्या साठवलेल्या असतात, तो जुळवून देतो. पण काही ऑर्गॅनोफॉस्फेट इतके नाजूक की अखंड रेणूचा पीक शिल्लकच राहत नाही, आणि लहान तुकडे सगळ्या भावंडांचे सारखेच. मग नमुन्यात नेमकं कोणतं भावंड आहे ते छातीठोकपणे सांगता येत नाही. शेतकऱ्याचा माल मात्र त्या एका नावावर अडलेला असतो.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा शिकलेल्या सगळ्याच्या उलट वाटला. सोर्समध्ये, म्हणजे आयन बनतात त्या कप्प्यात, मुद्दाम मिथेन सोडायचा, आतला दाब एका टॉरच्या आसपास न्यायचा आणि आयनांना मिथेनवर खुशाल आदळू द्यायचं. रासायनिक आयनीकरणाची ही पद्धत मन्सन आणि फील्ड यांनी टेक्ससमधल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत बसवली आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉनचा मार मिथेन खातो. त्यातून झालेला मिथेनचा आयन शेजारच्या मिथेनला भेटतो आणि कार्बनभोवती पाच हायड्रोजन असलेला एक आयन तयार होतो: मास १७. तुटून निघालेला मिथाइल आयन, मास १५, दुसऱ्या मिथेनला भेटून २९ होतो. पुढे थोडा ४१ ही दिसतो. या आयनांच्या गर्दीत आपला रेणू शिरला की ते त्याला एक प्रोटॉन देऊन मोकळे होतात. रेणू अखंड राहतो, वजनात एकाची भर पडते.

रोज सकाळी ट्यून करताना १७, २९ आणि ४१ या तीन पीकची उंची वहीत लिहायची, हे माझं काम. सुरुवातीला तो निव्वळ आकडा होता. कार्बनला चार हात हे शाळेपासून पाठ झालेलं, आणि हा पाच हायड्रोजनचा कार्बन रोज समोर उभा. टाल्रोझे आणि ल्युबिमोव्हा यांनी मॉस्कोत १९५२ मध्ये तो ओळखला. त्याचा अवरक्त वर्णपट शिकागोत ताकेशी ओका यांच्या गटाने १९९९ मध्ये मिळवला, तर त्यातल्या शेकडो रेषांचा अर्थ कुणाला लागेना, कारण या आयनाला स्थिर असा आकारच नाही. पाचही हायड्रोजन सतत जागा बदलत असतात. २०१५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या गटाने अतिथंड सापळ्यात तो पुन्हा मोजला तेव्हा कुठे त्या गुंत्याचं एक टोक हाती लागलं. जगातल्या निष्णात वर्णपटतज्ज्ञांना इतकी वर्षं दाद न देणारी गोष्ट आमच्या यंत्रात रोज सकाळी तयार होत होती आणि मी तिची उंची मिलिमीटरमध्ये लिहीत होते. हे कळलं त्या दिवसापासून ट्यूनिंगचा कंटाळा गेला तो गेलाच.

कोणता आयन कुणाला प्रोटॉन देईल हे ठरतं प्रोटॉनच्या ओढीवरून. ही ओढ मोलमागे किलोज्यूलमध्ये मोजतात: मिथेनची ५४४ च्या आसपास, पाण्याची ६९१, अमोनियाची ८५४. ज्याची ओढ कमी तो देतो, जास्त तो घेतो, आणि दोघांतला फरक उष्णतेच्या रूपाने घेणाऱ्याच्या अंगात उतरतो. मिथेन वापरला तर फरक मोठा, रेणू थोडा तरी तुटतो. आयसोब्युटेन वापरला तर बेताचा. अमोनिया अगदी सौम्य, पण बऱ्याच रेणूंना तो प्रोटॉन देतच नाही, नुसता त्यांना चिकटून बसतो आणि वजन अठराने वाढतं. शिवाय अमोनियाने पंपाचं तेल लवकर नासतं आणि खोलीभर वास सुटतो. आम्ही तिन्ही वायू वापरून बघितले. एकाच औषधाचे तीन वायूंतले तीन वर्णपट शेजारी शेजारी ठेवले की ती तीन वेगळी रसायनं वाटावीत! माझ्या कामातलं वळण हेच. यंत्र रेणूचं वजन करतं अशी माझी समजूत होती. यंत्र दाखवतं ती एका रासायनिक अभिक्रियेची निष्पत्ती, आणि त्या अभिक्रियेत आपल्या रेणूबरोबर दुसरं कोण होतं हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही, ही जाण तेव्हापासून आली.

या विद्येचा इतिहास मी नंतर हौसेने वाचला. तिची सुरुवातच एका नको असलेल्या पीकपासून होते. जे. जे. थॉमसन यांना १९११ च्या सुमारास त्यांच्या छायापट्टीवर मास ३ ची एक रेषा दिसली. हायड्रोजन १ चा आणि २ चा समजू शकतो, हा ३ चा कोण? त्यांना वाटलं हा तीन अणूंचा हायड्रोजन, आणि ते बरोबर होतं. पण तो कसा बनतो ते नक्की झालं १९२५ मध्ये, हॉगनेस आणि लन यांच्या कामातून: हायड्रोजन रेणूचा आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भेटतो आणि एक प्रोटॉन देऊन जातो. याच दोघांना त्याच वर्षी हेलियम आणि हायड्रोजनचा जोडआयनही दिसला. आणि या सगळ्याच्या आधीच, १९०५ मध्ये, पॉल लांजव्हां यांनी गणिताने दाखवलं होतं की भारित कण जवळ येताच साध्या, उदासीन रेणूतला विद्युतभारही एका बाजूला कलतो आणि दोघं एकमेकांकडे ओढले जातात. त्यामुळे आयन आणि रेणू यांच्या पुष्कळ अभिक्रियांना वर चढून जायला उंबरठाच नसतो. भेट झाली की अभिक्रिया झाली. नेहमीच्या रसायनशास्त्रात आपण भांडं तापवतो, उत्प्रेरक घालतो, वाट बघतो. इथे तापवण्याची गरज नाही.

आता द्राक्षांकडे येते, कारण माझी उमेदीची वर्षं गेली ती नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षांत. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं आणि कंटेनर अडकले. शेतकरी याला सीसीसी म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला ते फवारलं जायचं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आमच्याकडे फोनवर फोन येत होते. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार स्वतः नमुना घेऊन आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच पास केलेला बाग. शेकड्याने औषधं तपासता, मग हे कसं नाही दिसलं?"

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर पूर्णपणे आयनांच्या रसायनात होतं. आमच्या यादीतली बाकीची बहुतेक औषधं हे उदासीन रेणू. त्यांना आम्ही यंत्रात नेऊन आयन करतो. क्लोरमेक्वॅट हा बाटलीतच आयन असतो. त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार आहे. तो पाणी सोडून इथाइल अॅसिटेटमध्ये येतच नाही, म्हणजे आम्ही जो वरचा थर काढून घेत होतो त्यात तो नव्हताच. खालच्या, टाकून दिलेल्या पाण्यात होता. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये तो वाफ होऊन चढत नाही. नेहमीच्या सी-१८ कॉलमवर तो थांबत नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटात साखर आणि क्षारांच्या लोंढ्याबरोबर वाहून जातो. शेकड्याने औषधं पकडणारं जाळंच असं विणलेलं होतं की त्यातून नेमका हा निसटावा. त्यांना मी हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "एप्रिलात मारलेलं औषध जानेवारीच्या घडात येतंच कसं?" तोही बिनतोड प्रश्न. युरोपात पेअरच्या झाडांवर हे आधी दिसून आलं होतं. फवारणी बंद करूनही पुढच्या हंगामांच्या फळांत ते उतरत राहायचं, कारण झाड त्याला लाकडात साठवून ठेवतं. द्राक्षातही ओलांडा आणि काडी यांच्याकडेच संशय जात होता.

पद्धत नव्याने बसवावी लागली. आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये नमुना काढायचा, पाण्यावर लोभ असलेला हिलिक कॉलम लावायचा आणि इलेक्ट्रोस्प्रेतून आयन थेट ट्रिपल क्वाड्रुपोलमध्ये घ्यायचे. इथे पुन्हा आदळणंच कामाला येतं. पहिल्या चाळणीतून फक्त १२२ वजनाचा आयन पुढे सोडतात. मधल्या कक्षात आर्गॉन भरलेला असतो, त्यावर आपटून आयन फुटतो, आणि तिसऱ्या चाळणीत ५८ चा तुकडा मोजतात. क्लोरीनचे निसर्गात दोन प्रकार, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक प्रमाणात. म्हणून १२४ चा जुळा आयनही असतोच, आणि तोही फुटून ५८ च देतो, कारण क्लोरीन निसटलेल्या भागाबरोबर निघून जातो. १२२ मधून आलेला ५८ आणि १२४ मधून आलेला ५८, दोन्हींच्या पीकची उंची तीनास एक आली की मग हात थरथरत नाही. अशा पुराव्यावर मी बागेला नापास केलं आहे आणि त्या माणसाच्या नजरेला नजर देऊ शकले आहे.

ट्रिपल क्वाड्रुपोल योस्ट आणि एन्के यांनी १९७८ मध्ये मिशिगनमध्ये उभा केला. इतक्या कमी ऊर्जेच्या टकरीतून उपयोगाचे तुकडे मिळतील यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. जुन्या यंत्रांत उरलेल्या वायूवर आपटून फुटलेले आयन छायापट्टीवर धूसर पट्टे उमटवायचे, आणि सगळी धडपड ते पट्टे घालवण्याची असायची. आज औषध कंपन्या, नवजात बाळांच्या रक्ताची चाचणी, खेळाडूंची उत्तेजक तपासणी, सगळीकडे याच टकरी राबतात.

इलेक्ट्रोस्प्रेने मात्र मला सर्वांत जास्त दमवलं. जॉन फेन यांना त्यासाठी २००२ चं नोबेल मिळालं. बारीक सुईच्या टोकाशी काही हजार व्होल्ट दिले की द्रवाचे भारित थेंब उडतात, सुकत सुकत लहान होतात, फुटतात आणि शेवटी आयन मोकळे होतात. वाचायला सोपं. पण थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मोजकी आणि विद्युतभारही मोजका. एसटीच्या दारात गर्दी झाली की दांडगे आत चढतात आणि म्हातारं माणूस खाली राहतं, तसं द्राक्षाच्या अर्कातले क्षार आणि इतर रेणू आपल्या आयनाला मागे ढकलतात. शुद्ध द्रावणात एक उंची, त्याच प्रमाणात औषध द्राक्षाच्या अर्कात घातलं की तिच्या निम्मीही नाही. काळ्या द्राक्षात वेगळी, बेदाण्यात आणखी वेगळी. औषध तितकंच असतं, बरोबरची मंडळी बदललेली असतात. यावर आम्ही जड हायड्रोजन घातलेलं क्लोरमेक्वॅट वापरतो, मास १२६ चं. रासायनिक वागणूक तीच, वजन वेगळं, कॉलममधून एकाच वेळी बाहेर येतं. जितकं मागे ढकललं जायचं तितकं दोघंही ढकलले जातात, म्हणून दोघांचं गुणोत्तर टिकतं. हे द्रावण महाग असतं. खरेदी विभागाशी त्यावरून दर वर्षी वाद व्हायचा आणि दर वर्षी मी तो नेटाने घालायचे, कारण ते घातलं नाही तर अहवालावरचा दशांश चिन्हानंतरचा आकडा केवळ शोभेचा.

काही पाहुणे नमुन्यातून येतच नाहीत. मास १४९ दिसला तर प्लॅस्टिकमधलं थॅलेट. ३९१ ही त्याच घरातला. काच नीट धुतली नसेल तर सोडियम चिकटून वजन २३ ने वाढतं. आणि ३७१. हा सिलिकॉनच्या एका वलयाकार रेणूचा प्रोटॉन घेतलेला आयन. डिओडरंट आणि केसांच्या सीरममधून हवेत येतो. एकदा पार्श्वभूमीत ३७१ एकदम वाढला आणि दुपारनंतर कमी झाला. दोन दिवस बघितलं, तर सकाळच्या पाळीला नव्याने रुजू झालेली मुलगी सुईजवळ उभी राहिली की तो वर जायचा. तिला कुणी बोल लावला नाही. उलट मी तिला शेजारी बसवून तो पीक दाखवला: तुझ्या केसांतला रेणू हवेतून इथवर आला, सुईशी असलेल्या पाण्याच्या आयनाने त्याला प्रोटॉन दिला, म्हणून तो दिसला. अचूक वजन मोजणाऱ्या यंत्रांत ३७१ आणि त्याचा मोठा भाऊ ४४५ हे तर खुंटीसारखे वापरतात, कारण त्यांचं वजन दशांशाच्या चार स्थळांपर्यंत माहीत आहे आणि ते कुठेही हजर असतात. ती मुलगी आज स्वतःचा विभाग सांभाळते.

धातूंच्या तपासणीकडे मी नंतर वळले, आणि तिथली एक हकीकत अजून ताजी आहे. कोकणात खाडीकाठच्या एका वस्तीच्या विहिरीत आर्सेनिक आहे असा दुसरीकडचा अहवाल आला होता. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, अहवालातला आकडा तिच्यावर. विहीर बंद झाली आणि बायका लांबून पाणी आणू लागल्या. पडताळणीसाठी नमुना आमच्याकडे आला. बाटली उघडताच पाण्याला मचूळ वास. खाडीचं खारं पाणी आत झिरपलेलं, म्हणजे क्लोराइड भरपूर. इथलं यंत्र वेगळं: आर्गॉनची ज्वाला काही हजार अंशांवर, तिच्यात नमुन्याचे अणू सुटे होऊन त्यांचे आयन होतात. किती टक्के अणू आयन होतील याचा हिशेब मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांसाठी मांडलेल्या समीकरणानेच करता येतो, आणि आर्सेनिकच्या वाट्याला त्यात जेमतेम निम्मं येतं. आर्सेनिकचं वजन ७५. पण आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ ज्वालेच्या कडेला एकमेकांना भेटले की तोही ७५.

कुठे पाणी मुरतंय ते बघायला आधी ७७ पाहिला. आर्गॉन आणि क्लोरीन ३७ ची जोडी असेल तर तिथेही पीक हवा, ७५ च्या तिसऱ्या हिश्श्याचा. आर्सेनिकला ७७ नाही. पीक होता, आणि प्रमाणही जुळत होतं. द्राक्षात जी तीनास एकची खूण आम्हाला पुरावा म्हणून लागली तीच इथे उलट्या बाजूने उपयोगी पडली. मग मधल्या कक्षात हेलियम सोडला. जोडआयन आकाराने मोठा, तो हेलियमवर जास्त वेळा आपटतो, ऊर्जा गमावतो आणि पुढचा विद्युतदाबाचा बांध ओलांडू शकत नाही. ७५ चा पीक बसला. शेवटी खात्रीसाठी ऑक्सिजन. आर्सेनिकचा आयन ऑक्सिजनला भेटला की एक अणू घेऊन ९१ होतो. आर्गॉन-क्लोरीनची जोडी तसं करत नाही. ९१ वर जे उरलं ते मर्यादेच्या बरंच खाली. अहवालावर सही करताना मला जे समाधान वाटलं ते त्याआधी फार थोड्या कागदांनी दिलं होतं. पाणी खारं होतं ते होतंच, पण विहीर वापरायला खुली झाली. धुण्याभांड्याला तरी तिचा उपयोग होऊ लागला.

नारायणगावच्या बाजूला नमुने घ्यायला गेलं की बागांच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसायच्या. त्या लांब लहरी ऐकतात. मी ज्या आयनांबद्दल सांगणार आहे त्यांचा संदेश मिलिमीटर लहरींत येतो, त्यासाठी दुसऱ्या दुर्बिणी लागतात. पण तबकड्यांमुळे माझं तिकडे लक्ष गेलं आणि मी वाचायला लागले. १९७० मध्ये ब्यूल आणि स्नायडर यांना आकाशातून ८९ गिगाहर्ट्झला एक रेषा मिळाली, जिचा धनी कुणाला माहीत नव्हता. विल्यम क्लेम्परर यांनी सुचवलं की हा कार्बन मोनॉक्साइडला प्रोटॉन मिळून झालेला आयन असावा. १९७५ मध्ये प्रयोगशाळेत ते खरं ठरलं. दरम्यान १९७३ मध्ये हर्ब्स्ट आणि क्लेम्परर यांनी अंतराळातल्या काळ्या ढगांचं सगळं रसायन आयन आणि रेणू यांच्या भेटींवर उभं करून दाखवलं. तिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर दहा अंश. नेहमीच्या अभिक्रिया तिथे गोठून जातात, पण लांजव्हां यांनी सांगितलेल्या ओढीला उंबरठा नाही. वैश्विक किरण हायड्रोजनचा आयन करतात, तो दुसऱ्या हायड्रोजनला भेटून थॉमसन यांचा तो तीनाचा आयन होतो, आणि तो भेटेल त्याला प्रोटॉन वाटत सुटतो: कार्बन मोनॉक्साइडला, नायट्रोजनला, ऑक्सिजनला. ऑक्सिजन पायरीपायरीने हायड्रोजन जमवतो आणि शेवटी इलेक्ट्रॉनला भेटून पाणी होतो. म्हणजे आमच्या मिथेन सोर्समध्ये जे चालायचं तेच.

त्या तीनाच्या आयनाचा वर्णपट ओका यांनी १९८० मध्ये प्रयोगशाळेत मिळवला आणि तो ढगांत प्रत्यक्ष सापडायला १९९६ उजाडलं. गेबल आणि ओका यांनी हवाईतल्या दुर्बिणीतून तो टिपला. हेलियम आणि हायड्रोजनचा १९२५ चा जोडआयन तर अवकाशात दिसला २०१९ मध्ये, विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून. आणि २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने मृगाच्या तेजोमेघातल्या एका तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत मिथाइल आयन ओळखला. मास १५! माझ्या वहीतल्या २९ च्या आधीची पायरी. ती बातमी वाचली तेव्हा जुनी वही काढून मी घरच्यांना दाखवली.

अलीकडे या विषयात सर्वांत जास्त खळबळ आहे ती थेंबांची. पर्ड्यूचे ग्रॅहम कुक्स आणि स्टॅनफर्डचे रिचर्ड झेअर यांच्या गटांनी दाखवलं की भांड्यात तासन् तास घेणाऱ्या काही अभिक्रिया फवाऱ्याच्या सूक्ष्म थेंबांत क्षणात होतात. चेन्नईत आयआयटी मद्रासमधल्या टी. प्रदीप यांच्या गटाने बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राबरोबर २०२४ मध्ये दाखवलं की भारित पाण्याच्या थेंबांत खनिजांचे सूक्ष्म कण फुटून नॅनोकण होतात. या वेगाचं कारण थेंबाचा पृष्ठभाग, विद्युतक्षेत्र, सुकताना वाढणारी तीव्रता, की थेंब संपल्यावर वायूत होणाऱ्या भेटी, यावर तज्ज्ञांत चांगलीच जुंपली आहे. मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण व्यवहाराचं आहे. आम्ही सुईतून नमुना सोडतो तो आहे तसा मोजायला. सुई आणि शोधक यांच्यामध्ये तो बदलत असेल तर अवशेषांच्या प्रत्येक पद्धतीत ते तपासून बघायला हवं. नव्या पद्धतीची वैधता ठरवताना मी आता फवाऱ्याचं अंतर आणि तापमान बदलून आकडा हलतो का ते बघायला लावते. वेळ जातो, वरिष्ठ कुरकुरतात, तरी लावते.

सध्या हाती असलेलं काम मात्र पुन्हा जुन्या यंत्रावरचं आहे. हेलियम महाग झाला आणि वेळेवर मिळेना, तेव्हा गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये वाहक वायू म्हणून हायड्रोजन लावायचं ठरलं. हेलियम कुणाशी बोलत नाही. हायड्रोजन बोलतो, आणि तापलेल्या सोर्सच्या धातूवर तर फारच. चाचणीला नायट्रोबेंझीन सोडलं: १२३ चा पीक यायचा तिथे ९३ डोकं वर काढू लागला. नायट्रो गटाला हायड्रोजन मिळून त्याचं अॅनिलीन होत होतं. पॅराथिऑन-मिथाइल, फेनिट्रोथिऑन, पेंडिमेथॅलिन, या सगळ्यांत नायट्रो गट आहे, म्हणजे यातलं प्रत्येक औषध वेगळं तपासायला हवं. सोर्सचं तापमान उतरवलं की नायट्रोवाले सावरतात, पण जड रेणूंच्या पीकना शेपट्या फुटतात. रुंद भोकाची लेन्स लावून पाहिली, फरक पडला, पुरेसा नाही. आता एकेक औषध घेऊन हायड्रोजनमधला वर्णपट हेलियममधल्याशी ताडून बघतो आहोत आणि ज्यांचा भरवसा वाटत नाही ती औषधं द्रव क्रोमॅटोग्राफच्या यादीत हलवतो आहोत. हंगामाचे पहिले नमुने यायच्या आत ती यादी पुरी व्हायला हवी.